मिडलचं बटण कुठे गेलं?

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, पाळणे, जिलेबीची दुकानं आणि रात्री कनातीत नाटक. यंदा भाच्याच्या गावच्या पोरांनी नाटकाआधी तासभर गाणी वाजवायची ठरवली. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक आणि भाच्याची गिटार. धान विकायच्या आधीच उसनवारी करून त्याने नवा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी मशीन, आणली. मंडई झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन.

"मामा, घरी एवढा भारी वाजे जी. मंडईत माही गिटार कोणालेच ऐकू नाही आली."

"आवाज कमी ठेवला होता का?"

"फुल होता. पण समोर बसलेले म्हणतात, तू वाजवून राहिला होता का नुसता उभा होता?"

मी विचारलं, मशीनवर बटणं कोणकोणती आहेत. गेन (आत येणाऱ्या आवाजाचा जोर), व्हॉल्यूम, बेस (जाड स्वर), ट्रेबल (बारीक स्वर), रिव्हर्ब (घुमारा). मिडल, म्हणजे मधल्या स्वरांचं? मिडल नव्हतं. "पण बेस जबरदस्त आहे मामा," तो म्हणाला.

मी तालुक्याच्या गावी साउंडच्या मशीन दुरुस्त करतो, आणि जमेल तशी गिटारही वाजवतो. ॲम्प घेताना लोक दोनच गोष्टी विचारतात, वॅट किती आणि बेस कसा. दोन्ही प्रश्न डीजेच्या गाडीला शोभतात. गिटारच्या ॲम्पला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कोणतं बटण आवाजाच्या कोणत्या भागाला हात लावतं? दुकानात याचं उत्तर फारसं मिळत नाही, म्हणून भाच्याला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितो.

सुरुवात गिटारपासून. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण 82 वेळा थरथरते, म्हणजे 82 हर्ट्झ. सगळ्यात बारीक मोकळी तार 330 च्या आसपास. बारीक तारेवर बाराव्या पट्टीला (फ्रेटला) बोट ठेवलं की त्याच्या दुप्पट, 660. बावीस पट्ट्यांची गिटार असेल तर शेवटची पट्टी 1175 पर्यंत जाते. म्हणजे गिटारचे सगळे मूळ स्वर 82 ते बाराशेच्या आतच बसतात. त्याच्या वर जे असतं ते त्या स्वरांचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबतच उमटणारे त्याच्या दुपटी-तिपटीचे स्वर. त्यांच्यामुळे तर गिटार गिटारसारखी वाजते आणि बेंजो बेंजोसारखा. हे उपस्वर पाच-सहा हजारांपर्यंत कामाचे असतात. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकरसुद्धा पाच हजारांच्या वर झपाट्याने थकतो, आणि ते बरंच आहे. ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे गेन चढवून मुद्दाम फाटवलेला, आवाज भजनाच्या साउंडला, भोंग्यावर किंवा ट्वीटरवर सोडून बघा. डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखं वाजतं.

आता या पट्ट्याचे ढोबळ भाग पाडू. शंभरच्या आसपास आणि खाली घुमणं असतं, छातीत जाणवणारं. दोनशे ते चारशेत भरदारपणा. तो जास्त झाला की आवाज रिकाम्या कोठीतून आल्यासारखा. पाचशे ते हजारच्या मध्ये गिटारचा कंठ. बेंजो पार्टीचा बेंजो दोन गल्ल्या पलीकडून ओळखू येतो, तो बराचसा याच भागाच्या आणि याच्या जरा वरच्या भागाच्या जोरावर. नुसता ऐकला तर नाकातला वाटतो, पण ढोल-ताशाच्या गर्दीत तोच पुढे येतो. दोन-तीन हजारांच्या पुढे धार, तार छेडायच्या पिकची टकटक. माणसाचा कान तीन-चार हजारांच्या आसपास सगळ्यात तिखट असतो, म्हणून तिथे थोडं जास्त झालं तरी लोक कानावर हात ठेवतात.

भाच्याने घरी काय केलं असेल ते मी न बघता सांगू शकतो. बेस वर, ट्रेबल वर. खोलीत एकट्याने वाजवताना हे फार गोड लागतं, त्याला कारणही आहे. आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून हळू वाजवताना हात आपोआप बेसकडे जातो. तोच ॲम्प त्याच बटणांवर ठेवून जोरात वाजवला की बेस एकदम अंगावर येतो. त्यात मंडईत खालची जागा ढोलकाने आणि कीबोर्डच्या डाव्या हाताने आधीच धरलेली, वरची जागा ऑक्टोपॅडवरच्या झांजांनी. मधली जागा तेवढी गिटारसाठी मोकळी होती, आणि भाच्याने नेमकी तीच सोडून दिली. फुल व्हॉल्यूम असून ऐकू न येण्याचं कोडं एवढंच आहे.

आता बटणांच्या आत काय चालतं ते. बहुतेकांचा समज असतो की बेसचं बटण फिरवलं की मशीन बेस तयार करतं. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये असं काही होत नाही. तिथे टोनची बटणं, म्हणजे बेस, मिडल आणि ट्रेबल, ही दोन-तीन कपॅसिटर आणि थोडे रेझिस्टर असे वीज अडवणारे साधे भाग, बस. त्यांना वेगळी वीज नसते, म्हणून त्यांना पॅसिव्ह म्हणतात. तलावाच्या पाटाचं पाणी तीन बांध्यांत सोडायचं आहे असं समजा. प्रत्येक बांधीच्या तोंडाशी माती लावून तुम्ही पाणी अडवू शकता, तोंड मोकळं करून येईल तेवढं येऊ देऊ शकता, पण पाटात नसलेलं पाणी बांधीत आणू शकत नाही. दहावर फिरवलेला बेस म्हणजे वाढवलेला बेस नव्हे, सगळ्यात कमी अडवलेला बेस. इथे वाया गेलेला जोर मशीनमधला पुढचा, आवाज वाढवणारा भाग भरून काढतो.

बांध्यांची आणखी एक गंमत तिथेही लागू पडते. एका बांधीचं तोंड बंद केलं की बाजूच्या बांधीतलं पाणी हलतं. पॅसिव्ह बटणंही अशीच एकमेकांत गुंतलेली असतात. ट्रेबल पूर्ण वर असेल तर मिडलच्या बटणाचा फरक कमी जाणवतो. ट्रेबल खाली आणलं की तेच मिडल जागं होतं. म्हणून कोणी "बेस चार, मिडल सात, ट्रेबल सहा" असे आकडे दिले तर ते त्याच मशीनपुरते खरे. मिडलचं बटण असलेल्या फेंडर कंपनीच्या जुन्या ॲम्पमध्ये तिन्ही बटणं शून्यावर आणा, आवाज जवळजवळ बंद होतो. असं मशीन माझ्याकडे बिघडलं म्हणून आलं होतं. मी तीन बटणं फिरवली आणि परत दिलं. पैसे घ्यायची लाज वाटली, पण घेतले.

ही तीन बटणांची रचना 1950 च्या दशकाच्या शेवटी फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्पमध्ये रुळली. ॲम्प होता बेस गिटारसाठी, उचलला लीड गिटारवाल्यांनी. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या माणसांनी 1962 मध्ये पहिला मार्शल बनवला तो याच बासमनवर बेतून. पुढे मार्शलने त्यात थोडेच भाग बदलले. 56 किलोओहमचा एक रेझिस्टर 33 चा केला, ट्रेबलचा कपॅसिटर दुप्पट मोठा लावला. फेंडर उलट दिशेने गेली आणि तिथे 100 किलोओहम वापरू लागली. दोन-चार रुपयांच्या या भागांवर आज जगभरचे गिटारवाले हमरीतुमरीवर येतात. फेंडरच्या रचनेत सगळी बटणं मध्यावर ठेवली तरी चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास आवाजात मोठा खड्डा असतो. म्हणून तो स्वच्छ, चमकदार, काचेसारखा वाटतो. मार्शलमध्ये खड्डा उथळ आणि जरा वर सरकलेला, म्हणून तो मधून ढकलत येतो. दोन्ही मशीनवर बटणांची नावं तीच, आकडेही तेच.

म्हणजे मध्यावर ठेवलेलं बटण "साधं, जसंच्या तसं" आवाज देतं हा समज पॅसिव्ह मशीनवर चालत नाही. फेंडरमधून जवळपास सपाट आवाज हवा असेल तर मिडल पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल बरेच खाली ठेवावे लागतात. दिसायला विचित्र, पण कान ठेवून बघा.

दुसरी जात ॲक्टिव्ह बटणांची. पीटर बॅक्सँडल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1952 मध्ये एक सर्किट छापलं. त्यात टोनची बटणं ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग परत आत आणणाऱ्या वाटेवर, बसवली होती. इथे पाटासोबत मोटरही आली. मध्यावर ठेवलं की खरंच सपाट, उजवीकडे फिरवलं की वाढ, डावीकडे फिरवलं की कपात, आणि बेस हलवला तर ट्रेबल फारसं हलत नाही. आपल्या घरातल्या टेपरेकॉर्डरपासून लग्नातल्या मिक्सरपर्यंत ही पद्धत आणि तिच्या भाऊबंदांनीच राज्य केलं. आजच्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये दोन्ही जाती सापडतात. ओळखायची सोपी खूण अशी की सगळी टोनची बटणं शून्यावर आणल्यावर आवाज पार मेला तर पॅसिव्ह, आणि बारीक, चपटा, पण बऱ्यापैकी टिकला तर बहुधा ॲक्टिव्ह. बटण मधोमध आल्यावर हाताला खट्ट लागत असेल तर तीही ॲक्टिव्हचीच खूण समजा, कारण मध्याला अर्थ असल्याशिवाय खाच कोण करेल?

आता भाच्याचा प्रश्न: मिडलचं बटणच नसेल तर? बटण नाही म्हणजे मिडल नाही असं नव्हे. ते कारखान्यात कोणीतरी एका जागी ठरवून पक्कं केलेलं असतं. फेंडरच्या नावाजलेल्या डिलक्स रिव्हर्बमध्ये मिडलचं बटण नाही. मोठ्या भावात, ट्विन रिव्हर्बमध्ये, जिथे दहा किलोओहमचं बटण आहे तिथे याच्यात 6.8 किलोओहमचा रेझिस्टर टाकून दिलाय. व्हॉक्स कंपनीच्या एसी 30 ॲम्पमध्येही मिडल नाही. तिथे 'कट' नावाचं बटण आहे आणि ते वाढवलं की ट्रेबल कमी होतं, त्यामुळे नवखा माणूस दहा मिनिटं तरी चुकतोच. जुना फेंडर चॅम्प तर नुसत्या व्हॉल्यूमवर चालतो. ही मशीन वाईट आहेत असं कोणी म्हणणार नाही. फक्त बनवणाऱ्याची आवड तुमची आवड निघाली पाहिजे. नसेल तर हातात काही उरत नाही, म्हणून पहिला ॲम्प घेणाऱ्याला मी मिडलचं बटण असलेलाच घे म्हणतो. दोन वॅट कमी मिळाले तरी चालतील.

वॅटचं एकदा सांगूनच टाकतो. वीसचा चाळीस वॅट केला तर आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्षात येईल इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. भाच्याने चाळीसचे ऐंशी केले असते तरी समोरच्या रांगेतल्या बुवांनी तोच प्रश्न विचारला असता.

काही ॲम्पवर 'काँटूर' असतं. हे एकटं बटण मधला भाग खाली दाबतं आणि दोन्ही टोकं वर काढतं. खोलीत झकास, मंडपात घातक. 'प्रेझेन्स' असेल तर ते टोनच्या बाकी बटणांसोबत बसलेलं दिसलं तरी बऱ्याच ॲम्पमध्ये आतून शेवटच्या पॉवर भागाच्या फीडबॅकवर काम करतं आणि ट्रेबलच्याही वरची धार कमी-जास्त करतं. मिडलसोबत 'फ्रीक्वेन्सी' असं दुसरं बटण दिसलं तर मात्र थांबा आणि नीट बघा. त्याने मधला कोणता भाग वाढवायचा किंवा कापायचा हे तुम्हीच ठरवता. असं बटण मिळालं तर बाकी दोन गोष्टी कमी असल्या तरी मी घेईन.

ओव्हरड्राइव्ह वाजवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. टोनची बटणं आवाज फाटायच्या आधी आहेत की नंतर? आधी असतील तर बेस वाढवल्यावर जाड तारांचा आवाज फाटून चिखल होतो, रोवणीच्या बांधीत पाय रुतल्यासारखा. मेसा बूगी कंपनीच्या मार्क मालिकेतल्या ॲम्पमध्ये बटणं अशी आधी आहेत, म्हणून ते वापरणारे गेन चढवला की बेस जवळजवळ शून्यावर नेतात आणि शेवटी पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवरून (आवाजाचा एकेक भाग वेगळ्या सरकपट्टीने कमी-जास्त करायची सोय) हवा तेवढा परत घेतात. बटणं नंतर असतील तर ती फाटलेल्या आवाजाला नुसता आकार देतात. दुकानात तपासायचं असेल तर गेन वर ठेवून बेस शून्यापासून दहापर्यंत न्या. फाटण्याचा पोतच बदलला तर बटण आधी आहे, नुसता जाड-बारीकपणा बदलला तर नंतर.

स्पीकर छोटा असेल तर बेसच्या बटणाचं फार मनावर घेऊ नका. सहा इंची स्पीकर 82 हर्ट्झ नीट काढूच शकत नाही. तरी जाड तारेचा स्वर आपल्याला ओळखू येतो, कारण तिचा 165 चा उपस्वर आणि त्यावरचे स्वर ऐकून मेंदू खालची रिकामी जागा स्वतःच भरतो. छोट्या ॲम्पचं बेसचं बटण प्रत्यक्षात या वरच्या भागालाच कमी-जास्त करत असतं.

मग दुकानात काय करायचं? आमच्याकडून नागपूर म्हणजे सकाळची एसटी धरून सीताबर्डीवर उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीची घाई. तेवढ्यात दुकानदार स्वतःची महागडी गिटार लावून, रिव्हर्ब चढवून एक झकास तुकडा ऐकवतो आणि माणूस पाघळतो. स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊन जा. रिव्हर्ब शून्य. गेन खाली, स्वच्छ आवाज. सगळी बटणं मध्यावर ठेवून रोजचेच दोन कॉर्ड वाजवा, नवीन काही नको. मग एकेक बटण शून्यापासून दहापर्यंत हळूहळू. शेवटच्या एका घरातच सगळा फरक पडत असेल आणि आधी काही होत नसेल तर ते बटण रोज त्रास देईल. मिडल शून्यावर आणि दहावर जमीन-अस्मानाचा फरक पडायला हवा. मग एकदा जोरात वाजवू द्या म्हणा, जेवढं तुम्हाला खरंच वाजवायचं आहे तेवढं. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. आणि शेवटी गिटार सोबत्याच्या हाती देऊन स्वतः दहा पावलं मागे जाऊन ऐका.

दहा पावलं मागे जायला का सांगतो तेही ऐका. बारीक स्वर स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, जाड स्वर सगळीकडे पसरतात. ॲम्प जमिनीवर, तुम्ही त्याला खेटून उभे. झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो. तुम्हाला आवाज दबका वाटतो, तुम्ही ट्रेबल चढवता, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानात सुया जातात. ॲम्प खुर्चीवर ठेवा नाहीतर मागे वीट लावून वर तोंड करा. खुर्चीचा दुसरा फायदा असा की स्टेजच्या फळ्या घुमायच्या थांबतात. नको असलेला अर्धा बेस फळ्यांचाच असतो. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ॲम्पलाही दोन भिंती आणि जमीन फुकटचा बेस देतात. उघड्या मैदानात तो मिळत नाही, आणि कनातीचं कापड व बसलेली माणसं बारीक स्वर पिऊन टाकतात. म्हणून बटणं दर जागी नव्याने लावायची, आणि लोक बसल्यावर पुन्हा एकदा.

घूं आवाजाचं खापर टोनच्या बटणांवर फोडू नका. तो 50 हर्ट्झच्या विजेचा आणि त्याच्या दुपटी-तिपटींचा गुंजारव असतो. तो घालवायला बेस कापला तर गिटार कापली जाते, घूं तिथेच राहतो. आधी अर्थिंग बघा. गावच्या बऱ्याच मंडपांत तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन शोभेला असते. तार धरलेल्या हाताने गाणाऱ्याने माइकला ओठ लावला आणि झटका बसला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. यात गंमत नाही, जीव जातो. व्होल्टेजचंही तसंच लक्षात ठेवा. संध्याकाळी चक्क्या-पंप सुरू असताना दाब पडला की मशीनचा दम आधीच संपतो, आवाज लवकर फाटतो, आणि वाजवणारा बिचारा ट्रेबल कमी करत बसतो. आणि कोणी परदेशातून आणलेला 120 व्होल्टचा ॲम्प स्वस्तात देत असेल तर आपल्या 230 ला थेट लावू नका, ट्रान्सफॉर्मर लागतो. असे दोन जळलेले माझ्या फळीवर पडून आहेत.

राहिला भाच्याचा ॲम्प. दुकानदार परत घेणार नव्हता आणि उसनवारी फेडायची होती. मी त्याला म्हटलं, बेस तीनवर आण, ट्रेबल चारवर आण, आणि आवाज जेवढा कमी झाला तेवढा व्हॉल्यूम वाढव.

"मग मिडल?"

"वाढलं ना. दोन्ही बाजूंचे कमी केले, सगळ्याला वर उचललं. मध्ये कोण उंच दिसन?"

पलीकडे जरा शांतता. मग गिटारचा आवाज आला, फोनवरूनसुद्धा कंठ फुटल्यासारखा. "हे तं नाकातून बोलून राहिली मामा." मी म्हटलं, एकट्याने वाजवशील तेव्हा असंच वाटणार, ढोलक सुरू झाल्यावर मला सांग. पुढे पैसे जमले तर सात पट्ट्यांचा इक्वलायझर पेडल घे. बॉस कंपनीच्या जीई-7 सारख्या पेडलवर 400, 800 आणि 1600 च्या पट्ट्या वेगवेगळ्या सरकवता येतात, तेवढ्यात मिडलचं बटण नसल्याचं दुःख संपतं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या मंडईत मी स्वतः गेलो. ॲम्प खुर्चीवर होता. बटणांवर त्याच्या आईच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, हिरव्या घरच्यासाठी आणि लाल मंडईसाठी. माझ्या बहिणीने तिथेच तक्रार केली की टिकल्यांचं अख्खं पाकीट संपवलं.